छपरावरचे दगड उतरवा: नरखेडकडच्या वादळाला वर्ष होताना

वावरातली_बाई

आज पुन्हा दुपारपासून हवा पडलीय. पिंपळाचं पानही हलत नाही. पोरगी दप्तर कवटाळून माजघरात जाऊन बसलीय आणि दर पाच मिनिटांनी विचारतेय, "आई, आभाळ कोणीकडून आलं?" वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच काढते.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. दोन एकर संत्रा, तीन एकर कोरडवाहू. घर विटा-मातीचं. पुढची ओसरी कवेलूची, मागच्या दोन खोल्या आणि ढोरांचा कोठा टिनाचा. टिनावर दगड. आमच्याकडे सगळ्यांच्याच टिनावर असतात, हवेनं टिन उडू नये म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून ते दगड पाहत होते, पण हे खाली आले तर कोणावर येतील, हा विचार एकदाही मनात आला नाही.

गेल्या वर्षी रोहिण्या लागल्या होत्या. आईंनी (माझ्या सासूबाई) आणि मी सकाळी कुरड्या घातल्या होत्या, सांदवाडीत दोन बाजांवर, मामाजींच्या (माझ्या सासऱ्यांच्या) जुन्या धोतरावर. चारच्या पुढे वरुडच्या अंगानं आभाळ आलं. काळं नव्हतं, तांबूस होतं, नुसती धूळ. मग तोंडावर थंडगार झुळूक आली. दिवसभराच्या काहिलीनंतर ती इतकी बरी वाटली की मी पदर सैल करून उभी राहिले. मामाजी ओसरीतून ओरडले, "उभ्या काऊन राहिल्या वो? बाजा आत घ्या, वावधन येऊन राह्यलं!"

एक बाज आत आली. दुसरी आणायला वेळच मिळाला नाही. हे कोठ्याकडे पळाले, ढोरं सोडायला. आई पोरीला घेऊन मागच्या खोलीत गेल्या, कारण त्या खोलीला खिडकी नाही म्हणून ती सगळ्यांत सुरक्षित, असं आम्ही समजत होतो. मी दार लोटत होते, पण वारा आतून ढकलतोय की बाहेरून, हेच कळत नव्हतं. टिन आधी थरथरले. मग खिळे सुटायला लागले, एकेक, टण टण आवाज करत. आणि मग पाखडताना सूप उलटावं तसं अख्खं छप्पर मागच्या अंगाला उलटलं. टिन गेले आभाळात. दगड आले घरात.

आई पोरीवर वाकल्या होत्या. कुरड्यांचं ओलं धोतर त्यांनी दोघींवर ओढून घेतलं होतं. पाट्याएवढा एक दगड त्यांच्या डाव्या खांद्यावर पडला, हसळीचं हाड मोडलं. दुसरा पोरीच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. शेणानं सारवलेल्या जमिनीत त्याचा खड्डा अजून आहे, मी तो बुजवलेला नाही.

वीस मिनिटं, फार तर पंचवीस. मग पाऊस, बोराएवढ्या गारा, आणि मग एकदम शांत. मी आईंना उठवायला गेले तर त्या म्हणाल्या, "कोठी झाक वो आधी. गहू भिजते." मला रडू आलं, की हाड मोडलंय आणि ह्यांना गव्हाचं पडलंय. पण त्यांना गव्हाचं पडलं नव्हतं. त्यांचं माहेर मोवाडचं. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी मोवाडात शिरली, २०४ माणसं गेली. त्यांच्या माहेरची माणसं वाचली, पण घरा-वावराचा एक कागद उरला नाही, आणि त्यांच्या वडिलांची पुढची कितीतरी वर्षं कचेरीच्या पायऱ्या चढण्यात गेली. तेव्हापासून त्या सातबारा, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, सगळं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून गव्हाच्या कोठीत मधोमध खुपसून ठेवतात. वरचा वीतभर गहू भिजला. कागद कोरडे निघाले.

कोठ्यावर निंबाचं झाड पडलं होतं. ह्यांनी एक बैल, गाय आणि वासरू सोडलं. दुसऱ्या बैलाचं, सर्जाचं, दावं सुटेपर्यंत फांदी आली. हे कसे वाचले ते त्यांनाही सांगता येत नाही. त्या रात्री ते कोणाशीच बोलले नाहीत, नुसते तुटलेलं दावं हातात घेऊन बसून होते.

आईंना ट्रॅक्टरवर गादी टाकून नेलं. नऊ किलोमीटरला अडीच तास लागले. पुढे चार पोरं कुऱ्हाडी घेऊन बाभळी तोडत चालली, मागे ट्रॅक्टर.

आता ज्यासाठी हे लिहितेय ते. वादळ वीस मिनिटांचं होतं. त्यानंतरचं कोणी सांगत नाही. तेरा दिवस लाइन नव्हती. घरात गहू होता, पीठ नव्हतं, कारण चक्की बंद. पहिले दोन दिवस घुगऱ्या खाल्ल्या, मग शेजारच्या मोठ्या आईंनी कोठ्याच्या कोपऱ्यातलं जातं काढलं. चाळीस घरांचं दळण त्या एका जात्यावर पाळीनं चालायचं, रात्री बारापर्यंत. बोअर बंद म्हणून गावच्या जुन्या विहिरीवर दोर-बादल्या आल्या. मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज व्हायचे. पेरणीसाठी ठेवलेलं सोयाबीनचं बियाणं भिजलं. ते वाळवून मामाजींनी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. एकेचाळीस उगवले. म्हणजे बियाणं गेलं.

बैलाचं सांगते, कारण दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये. मे महिन्याचं ऊन, मेलेलं जनावर दुपारपर्यंत ठेववेना. सकाळी अकराला हळद-कुंकू लावून, गावकऱ्यांच्या मदतीनं पुरलं. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला आले तेव्हा विचारलं, जनावरांच्या डॉक्टरचा शवविच्छेदन दाखला कुठाय? दाखला नाही, फोटोही नाही. बैल कागदावर मेलाच नाही. घराचं लिहिलं "अंशतः नुकसान", कारण भिंती उभ्या होत्या. संत्र्याची ८४ झाडं मुळासकट गेली.

नवे टिन आणले तेव्हा मिस्त्रीनं सवयीनं मदतनिसाला हाक मारली, "दगड दे रे वर." आई गळ्यात पट्टा बांधून खाली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दगड चढला तर म्या या घरात निजणार नाही." त्या दिवसापासून आमच्या घरावर दगड नाही, टिन खालच्या लोखंडी पाईपांना हुकांनी आवळलेत. पण गावात अजून आहेत, आणि मृग पंधरा दिवसांवर आलाय. तुमच्याकडे काय आहे ते पाहा. बाकी ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

सातपुड्याचा_पायथा

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आम्ही मोर्शीकडचे. आईंची तब्येत आता कशी आहे?

पारसची आठवण झाली. बाळापूर तालुक्यातलं पारस, ९ एप्रिल २०२३ ची रात्र. वादळी पावसात आडोसा म्हणून लोक मंदिराच्या टिनशेडखाली थांबले आणि मोठं निंबाचं झाड शेडवर कोसळलं. सात जण गेले. माझे साडू त्या रात्री मदतीला धावले होते. आडोशालाच माणूस धावतो आणि आडोसाच वर पडतो, हे त्यांच्या मनातून अजून जात नाही.

वावरातली_बाई

आई बऱ्या आहेत. डावा हात डोक्याच्या वर जात नाही. वेणी मी घालून देते.

ढगांचा_हिशोब

हवामानाचा अभ्यास हा माझा छंद आहे, म्हणून थोडं लिहितो. ताईंनी सांगितलेली प्रत्येक खूण बरोबर जुळते. हे समुद्रावरचं चक्रीवादळ नव्हे. तिकडे वारा ताशी ६३ किलोमीटरच्या वर गेला की वादळाला नाव मिळतं, त्याचा चार दिवस आधी माग लागतो, गावं रिकामी करता येतात. आपल्याकडे मे महिन्यात जमीन तापते, ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतो, आणि त्यातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत पडता पडताच वाळतो. वाळताना हवा गार होते, जड होते, आणि तो सगळा गार हवेचा लोंढा सरळ खाली आदळून चहूकडे पसरतो. ती थंड झुळूक म्हणजे त्या लोंढ्याचं तोंड. झुळूक लागल्यापासून हाताशी फार तर काही मिनिटं असतात. बाज, कडबा, वाळवण, सगळं सोडा आणि माणसं हलवा.

आता दगडांचा हिशोब. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४५ किलो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद टिनाला वर उचलणारा जोर होतो दीडशे किलोच्या आसपास. टिनाचं स्वतःचं वजन दहा-पंधरा किलो. त्यावर सहा-सात किलोचे चार दगड ठेवून काय अडणार आहे? आणि वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, त्यात नागपूरसाठी धरलेला वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. "आपला भाग वाऱ्याचा नाही" हा आपला गैरसमज आहे.

शिवाय वाऱ्याकडचं दार उघडं राहिलं की हवा आत कोंडून छपराला खालून ढकलते, वरून वारा ओढतो. दोन्ही एकदम. दार आतून ढकलतंय की बाहेरून हे ताईंना कळेना, त्याचं कारण हेच असावं.

मजूर_माणूस

तुमचं गणित खरं असेल साहेब. पण आमच्या वस्तीत निम्म्या घरांवर जुने, भोकं पडलेले टिन आहेत. त्यांना हुक कुठं लावता? लोखंडी पाईप कुठून आणता? खाली बल्ल्या आहेत, त्याही वाळवी लागलेल्या. दगड फुकट भेटतो म्हणून दगड. दगड उतरवा म्हणणं सोपं आहे. उतरवून काय ठेवायचं ते सांगा.

वावरातली_बाई

दादा, तुमचं म्हणणं पटतं. आमच्या जाऊच्या घरी पैसे नव्हते तेव्हा भाऊजींनी जे केलं ते सांगते. टिनावरून आडव्या बल्ल्या टाकल्या, एक काठाजवळ, एक वरच्या बाजूला, आणि त्या खालच्या फाट्यांना (टिनाखालच्या लाकडांना) जाड जीआय तारेनं पीळ देऊन आवळल्या. मग फाटे तसेच तारेनं भिंतीतल्या खुंटीला बांधले, नाहीतर टिन, बल्ली, फाटा, सगळं मिळून उडतं. बल्ली बांधलेली असते, दगड नुसता ठेवलेला असतो, फरक तेवढाच. यंदा दोन वादळं झाली, त्यांचं छप्पर जागेवर आहे. वाळवीच्या बल्लीला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ती बदलावीच लागेल, आणि तिथं गावानं एकमेकांच्या घरी एकेक दिवस हात लावायला हवा.

मजूर_माणूस

हे जमते. तार आहे माझ्यापाशी.

जुना_तलाठी

तीस वर्षं महसुलात काढली, आता निवृत्त आहे. ताई, तुमच्या बैलाचं वाचून वाईट वाटलं, कारण अशी प्रकरणं मी माझ्या हातानं "अपात्र" लिहिली आहेत. कोणी आधी सांगितलेलंच नसायचं त्यांना.

केंद्राच्या आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत ओढकाम करणारा बैल गेला तर ३२,००० रुपये, दुभती गाय किंवा म्हैस ३७,५००, शेळी ४,०००, गोठा ३,०००. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,०००. अंशतः पडलं, म्हणजे निदान १५ टक्के पडझड, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. म्हणजे "पूर्ण" आणि "अंशतः" या दोन शब्दांत लाखाचं अंतर आहे. राज्य सरकार कधी कधी वेगळा शासन निर्णय काढून वाढवून देतं, तो त्या त्या वेळी पाहावा.

म्हणून, जनावर मेलं तर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा. रस्ता बंद असेल, डॉक्टर पोचत नसेल तर तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल, जो सापडेल त्याला जागेवर आणा. घराचे फोटो आवरायच्या आधी काढा. आपल्या बाया-माणसं काय करतात, वादळ थांबलं की आधी झाडझूड करतात, पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा अंगण स्वच्छ असतं. आणि भिंत उभी असली तरी तडे गेले असतील, मयाल (छपराची तुळई) सरकली असेल तर ते शब्दांत लिहून घ्या, सही करायच्या आधी पंचनामा वाचा. वाचून दाखवा म्हणायला लाजू नका.

संत्रावाला

फळबागेचंही लिहा ना काका. त्याच निकषांत बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५००, तेही ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरात २७७ झाडं बसतात. भागा. झाडामागे ८१ रुपये. कलम लावून हाती पहिलं नीट पीक यायला पाच-सहा वर्षं, मधे डिंक्या रोग, मधे पाण्याचा ताण. ८१ रुपयांत त्या झाडाच्या खड्ड्याचं शेणखतही होत नाही. यात दोष पंचनामा करणाऱ्याचा नाही. झाड हे पीक नसतं, ते बांधलेल्या घरासारखं असतं, आणि निकष लिहिताना ते पिकासारखं मोजलं गेलंय. हे बदलायला पाहिजे.

ताई, जी झाडं नुसती कलली होती त्यांचं काय केलंत?

वावरातली_बाई

एकतीस झाडं कलली होती. तुमच्यासारख्याच एका शेजारच्या दादांनी सांगितलं की मुळं उन्हात दोन दिवसही राहू देऊ नका. दवाखान्यातून आल्यावर मी आणि मामाजींनी आधी उघड्या मुळांवर ओली माती ओढली, मग हळूहळू दोरानं सरळ करून दोन्हीकडून बल्ल्यांचे टेके दिले, मोडक्या फांद्या कापून बोर्डो मलम लावला, वरचा भारही कमी केला. बावीस जगली. मामाजी रोज सकाळी त्या बावीस झाडांना हात लावून येतात.

दिवेआगरची_लेक

मी लग्न करून वर्ध्याला आले, माहेर कोकणात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवरून गेलं. तुमच्या संत्र्यासारखीच आमची सुपारी. आजोबांनी लावलेल्या बागेत दुपारी गेलं तर अंधार असायचा, त्या दिवशी संध्याकाळी तिथून थेट समुद्र दिसत होता. बाबा म्हणाले, "या घरातून समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला." भरपाई हेक्टरावर आणि आमची वाडी गुंठ्यात, तोच हिशोब. पण आम्हाला निदान आदल्या दिवशी शाळेत हलवलं होतं. तुमच्याकडे दहा मिनिटंही नव्हती, ते वाचून मी सुन्न झाले.

पोरीबद्दल विचारायचं होतं. माझा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता, तो वर्षभर पत्र्याचा आवाज झाला की कानात बोटं घालायचा.

जिल्हा_परिषद_गुरुजी

यवतमाळकडच्या शाळेवर आहे. अशी मुलं माझ्या वर्गात आहेत. "घाबरू नको, काही होत नाही" असं म्हणू नका. झालेलं तिनं पाहिलंय, मग आपलं बोलणं तिला खोटं वाटतं. त्यापेक्षा तिला काम द्या. आभाळ आलं की दार कोणी लावायचं, विजेरी कोणी घ्यायची, कुठल्या खोलीत बसायचं, हे ठरवा आणि दोनदा करून पाहा. विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं, आजूबाजूच्या वीस-चाळीस किलोमीटरमधल्या विजा दाखवतं. ते पाहायचं काम तिलाच द्या. झोप उडत असेल, जेवण सुटत असेल तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. आणि ताई, तो नंबर तुमच्या घरच्यांसाठीही आहे. दावं हातात घेऊन बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

वावरातली_बाई

गुरुजी, आत्ता तिला दामिनी लावून दिलं. माजघरातून उठून ओसरीत आली, आजीला दाखवतेय, "वीज तिकडं पांढुर्ण्याकडं आहे, आपल्याकडं नाही." दप्तर अजून सोडलेलं नाही.

ह्यांच्याशी बोलेन. कोणी असं सरळ विचारलं नव्हतं.

सातपुड्याचा_पायथा

ताई, एक विचारतो. आमच्या बाबांचे टिन अजून खिळ्यांवर आहेत, वर बारा-तेरा दगड. हुक कुठला घ्यायचा, आणि भोक कुठं पाडायचं?

वावरातली_बाई

खाली लोखंडी पाईप किंवा अँगल असेल तर जे-हुक, आठ मिलिमीटरचा, वर डांबराचं वायसर आणि त्यावर लोखंडी वायसर. एक हुक चहाच्या कपाच्या भावात येतो. भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडा, खोलगटात पाडलं तर पाणी गळतं. काठावर आणि मगरीपाशी (छपराच्या वरच्या कडेला) एक सोडून एक पन्हाळीला हुक, मधे थोडे विरळ चालतील, कारण वारा काठापासून उचलायला सुरुवात करतो. आणि पाईप भिंतीत काँक्रीटनं धरलेला हवा, नुसता विटांवर टेकलेला नको.

दगड उतरवताना खाली कोणी उभं राहू देऊ नका. बाबांना वर चढू देऊ नका, तुम्ही चढा. जमलं तर उद्या सकाळीच, ऊन चढायच्या आत.